करंगळी

मिरजेच्या मगदूम डॉक्टरांनी वही घालायला सांगितली.
काय खाल्लं, काय प्यायलं,
किती वेळा गेलात, किती घाईनं.
मार्केट यार्डात बावीस वर्षं मी हळदीचा हिशोब लिहिला,
पोती, वजन, भाव, हमाली.
पोटाखालच्या एवढ्याशा पिशवीची नोंद
कधी ठेवली नव्हती.

वसुबारस. चहा दोन, लाडू एक. त्रास नाही.
धनत्रयोदशी. चहा पाच, कारण पाहुणे पाचदा.
पहिली आंघोळ. चिवडा, चकली, लसणाची शेव,
वर लिंबाच्या लोणच्याची फोड.
अकरा वेळा.
एकदा पोचले नाही.
हे शेवटचं पेन्सिलीनं लिहिलं.

तिखट कमी, आंबट कमी, चहा कमी,
पाणी मात्र तोडू नका, म्हणाले डॉक्टर.
तिखट कमी! आमच्या सांगलीत,
जिथं कानातून धूर निघाला नाही
तर भडंगाला कुणी भडंग म्हणत नाही.

दारोदार तेच. एवढंसं तरी घ्या.
आमच्या हातचं गोड लागत नाही वाटतं?
गुडघेदुखीला मान आहे. शुगरलाही आहे,
शुगर म्हटलं की लोक पाट सरकवतात,
बिनसाखरेची करंजी कौतुकानं आणतात.
ह्या दुखण्याला नावच नाही चारचौघांत घ्यायला.
म्हणून मी सगळीकडे शुगर सांगितली.
फुकटची शुगर, वर त्यांचे सल्ले.

भाऊबीज. सावळजची एसटी.
सकाळपासून घोटभर पाणी नाही, ओठ फुटलेले.
तासगावला पाच मिनिटं थांबली,
तर बायकांच्या मुतारीला कुलूप
आणि चावी कंट्रोलरकडे,
कंट्रोलर चहाला.
शाळेत बरं होतं. करंगळी वर केली
की बाई मानेनंच जा म्हणायच्या.
छप्पन्नाव्या वर्षी करंगळी दाखवायची कुणाला?

दिनकरला ओवाळलं. त्यानं पाकीट घातलं.
मालनवहिनीनं ताट पुढं केलं, शेव लालभडक,
चार दिवस चुलीपुढं बसलेली बाई.
मी सगळं खाल्लं.

रात्री तीनला परसात गेले तर
कडी आतून.
मी चौकट धरून, पाय पायावर टाकून, दात आवळून
बागेवरच्या औषधाचा वास घेत उभी.
दार उघडलं. बॅटरी. मालनवहिनी.
तुम्ही पण?
चौथ्यांदा, मी म्हटलं.
तिनं बॅटरीच्या उजेडात करंगळी वर केली.

आणि आम्ही हसलो.
हसणं आम्हा दोघींना परवडणारं नव्हतं.
हसवू नका हो वन्सं, हसवू नका, म्हणत
ती धुण्याच्या दगडावर बसली, मी आत पळाले,
आतूनही हसत होते.

आठ वर्षं झाली, ती नंतर म्हणाली.
ह्यांना वाटतं मी मोटार बघायला उठते,
रात्रीची लाईट असते ना.
उन्हाळ्यात मोटार जळली तेव्हा तेवढी पंचाईत झाली.
दवाखाना? तिनं खांदे उडवले.
मी डॉक्टरांचं नाव सांगितलं, वहीचं सांगितलं,
पेन्सिलीच्या ओळीचंही.
मग बराच वेळ दोघी गार पडेपर्यंत बसलो.

सकाळी पिशवीत एक डबा जास्तीचा निघाला.
पातळ पोहे, मीठ, हळद, खोबऱ्याचे काप.
मिरचीचा तुकडाही नाही.
कधी केला असेल? उजाडायच्या आत.
डबा परत आणून द्या, एवढंच म्हणाली.

परतीची बस. पाणी दोन तांबे, पोटभर.
तासगाव सोडलं आणि पिशवी जागी झाली.
कंडक्टर पोरगेलासा, मिशी नुकतीच.
मी दांडा धरून उभी राहिले
आणि सगळ्या बसच्या देखत
करंगळी वर केली.

त्यानं घंटी ओढली. पुढं पेट्रोल पंप होता.
उतरले तेव्हा मागं चपलांचा आवाज आला,
वळून पाहिलं,
आणखी तिघी उतरत होत्या.