साका

सदतीस वर्षं मी दुसऱ्यांच्या प्रयोगांची भांडी घासली.
परळचं कॉलेज, दुसरा मजला,
ब्युरेट, पिपेट, चंचुपात्रं.
अठ्ठावन्नाव्या वर्षी निरोपाच्या फळ्यावरही
खडूने लिहिलेलं : आमचा लॅबबॉय.

वडील गिरणीच्या रंगखात्यात. कोपरापर्यंत निळे.
आई म्हणे, वाढा, कृष्ण जेवायला बसलाय.
कुठला रंग कधी धरणार
हे ते वाफेच्या वासावरून सांगत.
रंगमास्तर वहीत उतरवून घेई
आणि खाली सही स्वतःची करी.

माहुलच्या खाडीवरून ठकूबाई वैती आली
लोणच्याच्या बाटलीत पाणी घेऊन.
"बोईट वर येऊन तोंड वासतात.
बघ काय आहे ह्यात."
म्हटलं, बाई, मी साहेब नाही.
"साहेब येऊन गेला. नाकाला रुमाल लावून."
म्हटलं, तेलकट बाटली चालत नाही.
दुसऱ्या दिवशी सहा आणल्या, राखेने घासून.
माझ्याहून स्वच्छ.

तेव्हापासून दर अमावास्येच्या ओहोटीला
मासळी वाळवायच्या ओट्यावर
पाच बायका, एक रिक्षावाला, नववीतली प्रांजू
आणि टवका गेलेली एक ब्युरेट,
कॉलेजने भंगारात काढलेली,
सुतळीने खांबाला बांधून.

बाटलीत बुडबुडा राहू द्यायचा नाही.
आधी फिकं गुलाबी औषध, मग दुसरं.
तपकिरी बसलं, तर पाण्यात श्वास आहे.
पांढरं बसलं, तर नाही.
पुस्तकात ह्याला अवक्षेप म्हणतात, मी सांगितलं.
साका म्हण ना सरळ, ठकूबाई म्हणाली.

आम्ल मीच घालतो, सगळ्यांना मागे सारून.
मग पेजेची निवळ. सगळं निळंशार.
प्रांजू तोटी धरते, जीभ दातांत,
थेंब, थेंब,
आणि एका थेंबाला निळं जातं.
पोरं टाळ्या वाजवतात.
वडिलांचं कधी गेलं नाही. जळतानाही
हात तेवढे निळे होते.

सुनावणीत साहेबांनी वही चाळली.
पानाला बोटभर खवलं चिकटलेलं,
सलग तीन महिने रकान्यात : पांढरा, पांढरा, पांढरा.
"तपासणारा तज्ज्ञ कोण?"
आम्ही एकमेकांकडे पाहिलं.
खाली आठ जणांच्या सह्या होत्या,
त्यातला एक अंगठा.

"झेरॉक्स द्या," म्हणाले.
झेरॉक्स दिली. वही दिली नाही.

गुरुवारी अमावास्या.
ओहोटी पहाटे पावणेसहाला.
पेज प्रांजूच्या घरून येणार आहे.