तीन नंबरचा पिवळा

तीन नंबरच्या डबीतला पिवळा संपत आला होता,
तोच वापरला.
बिअरच्या पाट्या रंगवताना उरलेला.
फोन्सवनच्या बाजारात अजून कुठेतरी लटकत असेल
त्याच पिवळ्यातला फेस.

काम साधं होतं, निदान पत्रात तरी.
एक भित्तिचित्र, दोन फूट बाय तीन,
जिनीव्हाच्या सभागृहात लागेल
आणि बान ना फाईच्या शाळेत, कुडाच्या भिंतीवरही.
जगाला कळलं पाहिजे, असं लिहिलं होतं,
आणि खाली, वेगळ्या शाईत : रक्त नको.

मी गोळा काढला.
मुठीत मावेल एवढा, अंगावर बारीक रेघा,
एका कुशीवर उजेड घेऊन गवतात पडलेला.
चाळीस वर्षं हात झिजवलाय,
गोल मला चुकत नाही.
इतका गोल झाला की रंग वाळायच्या आत
माझाच अंगठा त्याच्यावरून फिरला.

मग दुरुस्त्या आल्या.
आभाळ अजून निळं हवं.
मुलगी हसरी हवी, पण फार हसरी नको.
आणि तळाशी आठ संस्थांची बोधचिन्हं,
एका ओळीत, सारख्या उंचीची,
कुणी कुणापेक्षा बुटकं दिसता कामा नये.
जागा कुठून आणायची?
चिन्हांची पट्टी वर चढवली,
मुलीच्या गुडघ्यांपर्यंत.
कुणाच्या लक्षात आलं नाही.
माझ्याही नाही.

ट्रकनं गेलो, गुंडाळी मांडीवर धरून.
लाल माती, तुरळक पाईन,
एका घराला टेकू म्हणून उभी केलेली
बॉम्बची रिकामी टरफलं,
एक आडवं चिरून त्यात कांद्याची पात लावलेली.
छान तरारली होती.

शाळेत चित्र उलगडलं, चार कोपऱ्यांवर चार दगड.
म्हातारी सेंगमनी वाकली, गालात पान :
"हिचे पाय आधीच गेलेत की.
मग आता हिला काय सांगताय?"
म्हटलं, ती चिन्हं आहेत, मदत करणाऱ्यांची.
"असं होय," म्हणाली,
आणि थुंकायला बाहेर गेली.

फूवोंग सात वर्षांचा. उकिडवा बसला,
बोट थेट गोळ्यावर :
"पेतांकचा आहे? कुठे मिळतो?"
मास्तर हसले नाहीत.
मला माझ्या हाताचा अभिमान वाटला,
अर्धा क्षण.
तो अर्धा क्षण मी कुणाला सांगितलेला नाही.

सकाळी तोच पोरगा म्हैस आणायला निघालेला.
बांधावर थांबून मला शिकवू लागला :
काही दिसलं ना, की असं.
डावं मनगट उजव्या मुठीत, पाठीमागे, घट्ट.
मग आलो त्याच पावलांवर पाय देत उलटं जायचं.
"हात कशाला बांधायचे?" मी विचारलं.
"आपोआप जातात ना ते,"
म्हणाला, जणू मला एवढंही ठाऊक नाही.
मी अंगठा खिशात घातला.

दुसरं चित्र पाठमोरं.
मागे बांधलेले दोन हात, दाबून पांढरी पडलेली बोटं,
पावलं पूर्ण, नखांत लाल माती.
समोर नुसतं गवत.
आठ चिन्हं आभाळात टांगली,
निळं हवं होतंच त्यांना.

जिनीव्हाहून उत्तर : विषय पोचत नाही.
गोळा कुठे आहे?
मी कळवलं, गवतात.

त्यांनी पहिलंच छापलं. सुंदर आलंय म्हणे,
पिवळा अगदी उठून दिसतो.
दुसरं शाळेत आहे, एकच प्रत,
एक कोपरा बकरीनं खाल्लेला.
पोरं त्याच्याकडे पाठ करून उभी राहतात
आणि मान वळवून बघतात,
आपले हात तस्से जुळतात का.

डबी मी टाकलेली नाही.
तळाशी थोडा आहे अजून.
झाकण घट्ट बसलंय.