नऊ नंबरची जागा

ओढ्याचं नाव लेम म्यूल. लंगडं खेचर.
कुणाचं खेचर, कुठल्या पायाने लंगडं,
जंगल खात्याच्या फलकावर काही लिहिलेलं नाही.
मी इथली राखणदार, मे ते सप्टेंबर:
चौदा जागा, दोन संडास, एक हातपंप,
आणि लोक पाकिटात घालून पैसे टाकतात
त्या लोखंडी पेटीची किल्ली माझ्या गळ्यात.

त्याआधी सव्वीस वर्षं
आयडाहोच्या असल्याच रस्त्यांवर शाळेची बस चालवली.
त्यामुळे लांब गाडी मागे घेताना
माणूस कसा आहे ते कळतं मला.
काही जण बायकोवर ओरडतात. काही जण आरशावर.
एक जण तर उतरून पाइनवर ओरडला,
पाइन दोनशे वर्षांचा, त्याने ऐकून घेतलं.

हॅल्वर आणि मॉडी कधीच ओरडले नाहीत.
पोरांच्या सायकली गेल्या, शाळा भरल्या,
की त्यांचं बत्तीस फुटी घर धुळीतून यायचं
आणि नऊ नंबरवर शिरायचं.
डावीकडे झाड, उजवीकडे आकड्याचा खांब,
मागे बारा पावलांवर पाणी.
मॉडी मागे उभी राहायची.
तळवे स्वतःकडे: ये.
हात कानाला: शेपूट त्या बाजूला टाक.
मूठ: बस.
एकोणतीस वर्षं, एक शब्द नाही.

यंदा धूळ सावकाश आली.
चाकामागे मॉडी, खुर्ची पार पुढे ओढलेली,
स्टिअरिंगच्या वर जेमतेम हनुवटी.
हॅल्वर उतरला
आणि घोड्याच्या पाठीवरून फिरवावा तसा
पत्र्यावरून हात फिरवत मागे गेला.
"मधलं पुसलंय," मला म्हणाला, "कडा तेवढ्या राहिल्यात.
तुझे कान दिसतात, अर्लीन. तोंड नाही."
म्हटलं, काही बिघडत नाही,
तोंडात बघण्यासारखं राहिलंय काय.

मग त्याने ओढ्याकडे पाठ केली, हात वर केले.
मी दाताळं खाली ठेवलं.
सव्वीस वर्षं घशाशी आली:
डावीकडे काप गं, डावीकडे!
गिळली.

त्याच खुणा. पण उलट्या.
हा माणूस ती भाषा शिकला होता आरशातून,
तिचा उजवा कान त्याच्याकडे डावा होऊन आलेला,
आणि आता त्याने तो जसाच्या तसा परत पाठवला.
मॉडीने खुणेप्रमाणे चाक फिरवलं.
खर्र.
खांब कलला. आकड्याचा वरचा खिळा निसटला
आणि नऊ गर्रकन फिरून सहा झाला.

आत काही क्षण शांतता.
मग मॉडी हसली, काच खाली असल्यामुळे ऐकू आलं,
बाई चांगली खोकेपर्यंत हसली.
एकदा पुढे घेतली गाडी.
दुसऱ्यांदा तिने त्याच्या हातांना
आरसा जसं वाचेल तसं वाचलं.
बत्तीस फूट आले, झाडाला साल न लावता.

थांबायचं केव्हा हे त्याला कसं कळलं,
मी संध्याकाळी लाकडं द्यायला गेले तेव्हा विचारलं.
म्हणाला, पाणी पाठीमागे बोलतं,
ते पत्र्यावर आपटून तोंडावर परत येतं.
गाडी जवळ आली की आवाज जाड होतो.
घोंगडीइतका जाड झाला की मूठ.
मॉडी कॉफी ढवळत म्हणाली, उगाच सांगतोय,
मी ब्रेक आधीच दाबला होता.

पेटीत त्यांचं पाकीट सापडलं.
गाडीचा नंबर तिच्या अक्षरात.
किती रात्री, या चौकटीत त्याचं अक्षर,
मोठं, रेघेबाहेर घरंगळलेलं: बघू.

महिनाअखेरीस खात्याचा पोरगा वही घेऊन आला.
इथे दोन सहा कसे, म्हणाला.
मी नुकसानीच्या रकान्यात शून्य लिहिलं.
हातोडी माझ्या ट्रकमध्येच होती, पुढच्या सीटखाली,
खिळेसुद्धा.