सात किलो तांदूळ

दुकानात मी तांदळाच्या पिशव्या ठेवतो,
एकेक किलोच्या, सात.
विकायला नाहीत, वजनाला.
रिकामी बॅग सगळ्यांनाच हलकी वाटते.
रिकाम्या बॅगेवर विश्वास ठेवू नये
हे मी वाल्पराइसोत सव्वीस वर्षं सांगत आलोय
आणि रिकाम्या बॅगाच विकत आलोय.

ओतिलिया आली मंगळवारी, शटर अर्धं वर असताना,
हातात शिवणाची मापपट्टी.
एकतीस वर्षं तिनं टेकडीच्या लिफ्टचा दांडा ओढला.
लाकडी डबा, तिरके रूळ, बारा माणसं वर, बारा खाली,
आख्खी टेकडी तिच्या मनगटावर चढायची.
आता लिफ्ट बंद. दुरुस्ती, म्हणतात.
दोन वर्षांत पाटीवर गंज चढला,
तेवढंच काय ते चढलं.

"चाकं की खांदे?" मी विचारलं.
"घरापर्यंत एकशे अठ्ठेचाळीस पायऱ्या,"
ती म्हणाली, "चाकांना सांगून बघा."

मग मी ती काढली, निळसर करडी,
जिच्या पाठीत पट्टे दडलेले असतात.
चेन उघडायची, आत हात घालायचा
आणि दोन्ही पट्टे ओढून बाहेर काढायचे,
अडलेल्या मेंढीचं कोकरू पायांनी ओढावं तसे.
(हे करून दाखवायला मला अजून आवडतं.
बायको म्हणते, तू धंदा करत नाहीस, जादूचे प्रयोग करतोस.)

काळी तिनं आधीच बाजूला सारली होती.
तिला चाकंही होती, पट्टेही,
आणि रिकामीच साडेतीन किलो.
"ही स्वतःलाच घेऊन निघालीय," म्हणाली, "मी कशाला?"

करडीची शिवण तिनं उलटी करून पाहिली,
पट्टा फुटतो तिथे टाके दुहेरी आहेत का
ते नखानं चाचपलं.
मापपट्टी लावली. उंची, रुंदी, मग पोट.
"नडतं ते पोटच. बॅगेचं काय, माणसाचं काय."

सातही पिशव्या आत गेल्या.
ती दुकानाबाहेरच्या पायऱ्या चढून गेली,
परतली तेव्हा दोन्ही खांदे कानाला लागलेले.
मी कमरेचा पट्टा शोधून आवळला,
मग खांद्यांचे दोन बोटं सैल केले.
ती गप्प उभी.
"कुठे गेलं?"
"कमरेवर."
"एवढंच होतं?"
पुढे काही बोलली नाही,
आरशात बघत राहिली, पण बॅगेकडे नाही.

मग चार पिशव्या उपसून काउंटरवर ठेवल्या
आणि थैलीतून कागदात बांधलेली वडी काढली,
बिहीच्या फळाची, घरी आटवलेली, विटेएवढी.
"हिला द्रव म्हणतील का विमानात?"
मी म्हटलं, काउंटरवरची पोरगी ठरवेल.
"सुरीनं कापावी लागते ते द्रव कसं?"
मी पोरगी नव्हतो, तरी मान डोलावली.

पुन्ता अरेनासला बहीण असते, एर्मिनिया.
अकरा वर्षं बोलणं नाही,
आईच्या शिलाई मशीनवरून.
मशीन तिकडे गेलं.
परवा चिठ्ठी आली, दीड ओळीची:
डोळ्याला दिसत नाही,
सुईत दोरा ओवायला ये.

"माफी वगैरे?" मी विचारू नये ते विचारलं.
ओतिलिया मापपट्टी गुंडाळत होती,
कडेचे आकडे पुसट झालेली, पिवळी.
"ही त्या मशीनच्या खणातली," म्हणाली.
"मीही कुठे परत केली."

तिनं नोटा दोनदा मोजल्या.
पट्टे आत ढकलून पाहिले, पुन्हा बाहेर काढले,
बॅग तशीच पाठीला लावून निघाली.

ती वळणाआड गेल्यावर मी तांदूळ फळीवर लावला.
सहाच भरले.
पुढचा कप्पा मीच भरला होता, जादूच्या नादात.
दारात आलो, हाक ओठांवर.
वर साठाव्या, सत्तराव्या पायरीला
निळसर करडं काहीतरी
न थांबता चढत होतं.