निखारे आणि निमजे यांच्या मध्ये

कळमन्याच्या संत्र्यांचे भाव
वेळेच्या क्रमाने लावून ठेवलेत मी एका मॅपमध्ये.
दोन सतराचा भाव मागितला,
तर तो तिथे नाही.
दोन दहाचा आहे,
दोन पंचवीसचा आहे,
मधल्या वेळात बोली लावणारे
बहुतेक चहाला गेले होते.

साधा मॅप नुसतं नाही म्हणाला असता
आणि दार लावून घेतलं असतं.
क्रमाने लावलेल्याला तसं जमत नाही.
तो म्हणतो, नाही, पण थांबा,
असता तर इथे असता,
याच्यानंतर, त्याच्या आधी.
फ्लोअर विचारा, मागचा सांगतो.
सीलिंग विचारा, पुढचा.
दहा लाख नोंदींतून
वीसेक प्रश्नांत पोचतो,
डावीकडे, उजवीकडे, पुन्हा डावीकडे.
(आमच्या गोळीबार चौकात हे चालायचं नाही.
तिथे अठ्ठावीस नंबरानंतर एकशे तीन येतो.
पानठेल्यावर पुसायचं सरळ.)

परसोडी, आयटी पार्क, रात्रीचे नऊ.
काचेला तळवा लावला तर अजून भाजतो.
टेस्टसाठी काही तरी टाकायचं म्हणून
नावांचा एक लहानसा मॅप केला.
नंदनवार, निखारे, निमजे, पराते.
बोटांनी आपणहूनच टाइप केलं.
आठवी ब. एकवीस, बावीस,
चोवीस, पंचवीस.
बावीस मी.

मग शोधायला दिलं: निनावे.

निनावे हेमराज, रोल नंबर तेवीस.
आडनावावरचे विनोद
पाचवीतच करून संपले होते सगळ्यांचे.
दिवाळीच्या सुट्टीनंतर तो आला नाही.
ढोके मॅडम तेवीस म्हणायच्या
आणि थांबायच्या.
तेवढ्यात पंख्याची कुरकुर ऐकू यायची.
"तो नाही येत मॅडम," निमजे सांगायची,
"मागावर बसते तो आता."
रोज सांगायची, आठवडाभर.
नववीला नवी हजेरी आली.
निमजे तेवीस झाली.
मॅडमना कुठेच थांबावं लागेना.
मॅपही असंच करतो.
काढलेल्याची जागा राखत नाही,
उरलेल्या दोघांना शेजारी करतो
आणि पुढे मोजू लागतो.

आमच्याकडेही माग होता तेव्हा.
ताण्याचा धागा तुटला
की मी फणीवर वाकून
तुटलेलं टोक शोधत बसायची.
बाबा धोटा हातातच धरून म्हणायचे,
"त्याले कायले शोधतं?
त्याच्या शेजाऱ्याईले पूस.
त्याईच्या मधात जो दात रिकामा,
तो त्याचा."
आणि असायचाच रिकामा,
केसाएवढा,
दोन ताठ धाग्यांच्या मध्ये.

स्क्रीनवर उत्तर आलं.
मागची की: निखारे.
पुढची की: निमजे.
टेस्ट पास, हिरवी खूण.

निमजेला फोन लावला.
(माझ्या फोनमध्ये ती 'स' खाली गेली आहे,
सोनकुसरे झाल्यापासून.)
विचारलं, आपल्या मधात कोण होता गं?
ती थांबली.
अगदी मॅडमइतकीच थांबली.
"हेमराज? तो तं भेटते ना.
गांधीबागेत साड्याच्या दुकानात राहते,
पोट सुटलं त्याचं.
नंबर पाठवू?"

मला काही तरी मोठं बोलायचं होतं.
हो म्हटलं.

अजून एक केस बाकी आहे,
दिवसाच्या पहिल्या बोलीच्याही आधीचा भाव
कुणी मागितला तर.
त्याच्या मागे कुणीच नाही,
तिथे नल येतो आणि प्रोग्राम पडतो.
ते उद्या बघू.

नंबर आला. सेव्ह केला.
यादीत कुठे जाऊन बसला बघितलं.
मागे निखारे काका,
पुढे निमंत्रण केटरर्स.