आहे तशी प्रक्रिया

बॅलार्ड इस्टेटच्या तिसऱ्या मजल्यावर
पिंजऱ्याच्या लिफ्टमधून, लॅपटॉप छातीशी धरून
अकरा आठवडे जात होते मी.
गळ्यात दोन ओळखपत्रं : एक आमच्या कंपनीचं,
एक त्यांचं, ज्यावर नावाच्या जागी नुसतं 'व्हेंडर'.
पहिल्या दिवशी शिपायानं विचारलं,
"काय विकता?"

तास विकतो आम्ही.
पाव पाव तासाच्या जुड्या बांधून
शुक्रवारी सहाच्या आत मोजून द्यायच्या.
कुरियन सर म्हणतात, काय केलंस ते विसरलीस तरी चालेल,
कुठल्या कोडवर केलंस ते विसरू नकोस.

समोर पिंगुळकर.
दर्यावरच्या मालाचे विमादावे, एकतीस वर्षं.
टेबलावर काच, काचेखाली भरती-ओहोटीचं कोष्टक
आणि कुठल्याशा बुडालेल्या मचव्याचा फोटो,
ज्याचे पैसे त्यांनी दिले होते की नाकारले होते
ते मी कधी विचारलं नाही.

मी विचारायचं, त्यांनी सांगायचं,
मी त्याचे चौकोन करायचे, चौकोनांना बाण जोडायचे.

"फाईल आली की आधी काय करता?"
"वास घेतो."
मी हसले. ते हसले नाहीत.
"समुद्रात भिजलेल्या कागदाला वास राहतो, मॅडम.
नळाखाली भिजवलेल्याला नाही."
मी लिहिलं : कागदपत्रांची प्राथमिक पडताळणी.

"मग?"
"मग तारखा. मग सर्व्हेअरची सही.
मग मी जरा थांबतो."
"कशासाठी?"
"कशासाठी असं नाही. थांबतो."
"किती वेळ?"
"ते माणसाच्या अक्षरावर आहे."

थांबण्याला आकृती नाही आमच्याकडे.
हो-नाहीसाठी शंकरपाळी आहे,
सुरुवातीला आणि शेवटाला कॅप्सूल.
थांबण्याला लाल रंग दिला मी,
खाली टीप : विलंब. काढून टाकता येईल.

बत्तीस स्लाइड झाल्या.
पूर्वी नऊ दिवस, आता चार सेकंद.
टाळ्या वाजल्या, पिंगुळकरांनीही वाजवल्या,
अगदी मनापासून,
आणि त्या दिवशीचं सँडविच मला गिळेना.

नंतर पाण्याच्या कूलरपाशी :
"चार सेकंदांत म्हणजे नकारसुद्धा?"
"हो."
"रात्री दोनला आला तरी?"
"कधीही."
"नकार रात्री नका हो पाठवू.
अकरानंतर पाठवा. माणूस घराबाहेर असतो,
आजूबाजूला चार डोकी असतात."

लिहिलं मी. मागणी क्रमांक एकशे चौदा.
प्राधान्य : कमी.
कुरियन सरांनी ती दुसऱ्या टप्प्यात टाकली.
दुसरा टप्पा म्हणजे आमच्यातला स्वर्ग,
सगळे म्हणतात आहे,
तिथून परत आलेलं कुणी भेटत नाही.

सिस्टीम सुरू व्हायच्या आदल्या रविवारी
पवईच्या ऑफिसात आम्ही सातजण, पिझ्झ्याचे खोके,
हैदराबादची टीम फोनवर खोकत होती.
तीन ओळी होत्या फक्त. नकार असेल तर
घड्याळ बघ; अकरा वाजले नसतील तर थांब.
थांब, हा शब्द त्या भाषेत असतोच,
मला शोधावासुद्धा लागला नाही.

पाव तास लागला.
कुणी सांगितलं नव्हतं, कुणी विचारलं नाही,
पण शुक्रवारी रकाना रिकामा सोडता येत नाही.
कोड घातला : इतर.
लाल चौकट आली : 'इतर' निवडल्यास कारण लिहा.

पिंगुळकरांना आता पुण्याच्या शाखेत
स्कॅनिंगच्या कामावर टाकलंय, असं ऐकलं.
वास न येणारे कागद, दिवसाला चारशे.

कारण लिहिलं मी.
जरा थांबले होते.

मंजूर झालं की परत आलं,
अजून उघडून पाहिलेलं नाही.