लांडग्याची जागा

हीटर बंद. हीटर लावला
की सायप्रसचं लाकूड तासाभरात कुरकुरायला लागतं.
म्हणून फेब्रुवारीतही
कियोज्जाच्या या लहानशा प्रार्थनाघरात
आम्ही दोघं कोट घालून.
बाहेर कालव्यावर धुकं,
आणि मासळीबाजार धुतल्याचा वास
दाराखालून आत येऊन बसलेला,
तिकीट न काढता.

अल्विझे किल्ली घेऊन हार्पसिकॉर्डवर वाकतो.
एकोणऐंशी वर्षांचा.
वरचे सूर आता त्याला ऐकू येत नाहीत.
हे बायकोला सांगितलेलं नाही. मला सांगितलंय,
तेही बोटीत, इंजिन चालू असताना.
वरच्या तारा आल्या
की तो वाद्याच्या काठाला दात टेकवतो.
दोन सूर भांडत असतील तर दाढेत थरथरतं.
थरथर निवली की मान हलवतो:
पुढची.

हिशेब जुना आहे आणि जुळत नाही.
पंचमावर पंचम रचत बारा घरं चाललात
तर पहिल्या दाराशी परत येत नाही तुम्ही,
चिमूटभर पुढे जाता.
पियानो ती चिमूट बाराही घरांत वाटून टाकतो.
सगळेच थोडे खोटे, कुणाची तक्रार नाही.
चारशे वर्षांपूर्वीच्या लोकांना हे रुचलं नसतं.
त्यांना गांधार हवा होता, स्वच्छ,
विहिरीच्या तळातला खडा दिसावा तसा.
मग उरलेला सगळा वाकडेपणा
त्यांनी एका कोपऱ्यात लोटला.
त्या दोन पट्ट्या एकत्र दाबल्या की गुरगुर ऐकू येते.
त्याला लांडगाच म्हणतात.

‘मारता येत नाही, नेरिना,’ अल्विझे म्हणतो,
‘राहील कुठे, तेवढं ठरवता येतं.’

आमच्या वाद्यात एक काळी पट्टी उभी चिरलेली आहे:
पुढचा तुकडा तीव्र सोल, मागचा कोमल ला.
लांडग्याला आणखी थोडं लांब नेण्यासाठी
कुणीतरी केलेली खटपट.
मूळ वाद्य संग्रहालयात, काचेत, मुकं.
हे त्याचं तेवीस वर्षांचं पोर,
दमट हवेत रुसतं, कोरड्या हवेत रुसतं.

पिसं कावळ्याची.
अल्विझेचा नातू रादिक्कियोच्या शेतातून वेचून आणतो,
पिसाला पन्नास सेंट.
मधूनच टर्कीचं खपवायला बघतो.

संध्याकाळी एकतीस माणसं.
अंगठा मी बाकाखाली ठेवल्यासारखा विसरते;
मधलं बोट अनामिकेवरून उडी मारून जातं,
शाळेच्या भिंतीवरून पोरं पळतात तसं,
आणि सूर सूर न राहता बोलणं होतं,
अडखळणारं, श्वास घेणारं.
तोकाताला सुरुवातीला ताल नसतोच.
कागदावर नुसत्या लांब टिपा,
बाकीचं काम हाताचं आणि त्या खोलीचं.

तिसऱ्या पानावर वरच्या ला-चं पीस तुटलं.

थांबता आलं असतं.
थांबले नाही.
जिथे जिथे ला होता तिथे तिथे
बोट खाली गेलं आणि नुसतं लाकूड टकटकलं,
रिकाम्या घराचं दार वाजवावं तसं.
समोरची माणसं पुढे झुकली.
एका बाईनं भ्रमणध्वनी पालथा घातला.
शेवटी शेवटी मला वाटलं,
ती जागा कुणीतरी मनातल्या मनात भरतंय,
प्रत्येक जण आपापल्या पट्टीत.

नंतर कोळंबी विकणाऱ्या तेओदोलिंदानं विचारलं,
‘मधे मधे गप्प होतं ते कागदावरच होतं का गं?’
मी हसले. उत्तर दिलं नाही.

अल्विझे सगळा वेळ मागच्या बाकावर होता,
डोळे मिटून, टोपी गुडघ्यावर.

बोटीत त्यानं मफलर वर ओढला.
धुक्यात एकच दिवा, तोही कुठला कळेना.
‘वरचा ला?’ त्यानं विचारलं.
‘दातात चांगला लागला होता.’

इंजिन चालू व्हायच्या आधी मी म्हणाले,
‘शुद्ध.’